नेरुळहून रिकाम्या पिशव्या

कराडहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन रिकाम्या पिशव्या होत्या. कुठंही गेले तरी येताना काहीतरी भरून आणायचंच, हा माझा शिरस्ता आख्ख्या गल्लीला पाठ आहे. धाकट्या भावानं, शरदनं, नेरुळला फ्लॅट घेतला होता आणि मी अजून नवी मुंबई पाहिली नव्हती.

रुंद रस्ते, कोवळी झाडं आणि एका साच्यातून काढलेल्या इमारती! सेक्टर, प्लॉट, विंग या भानगडीत मी भलत्याच दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सावंतकाकांनी. त्यांनी पाणी दिलं, पत्ता समजावला. कोपऱ्यात एक बाजाची पेटी दिसली. तिच्या पट्टीवरचा टवका मी लगेच ओळखला. शरदची पेटी!

"त्यांनीच दिली. दिलदार माणूस," काका म्हणाले. मी उगाचच फुशारले.

तळोज्याचा कारखाना बंद पडल्यापासून शरद घरीच होता, पण चेहरा हसरा होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुलभा मला करावे गावात खाडी बघायला घेऊन गेली. खारा वारा, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. तिच्या ओळखीच्या नारायणदादांकडे तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं (खाडीतल्या मोठ्या माशाचं) कालवण हाणलं. हात धुताना भिंतीला टेकवलेला, लाल मुठीचा गळ दिसला.

"हा आमच्या शरदचा ना?"

"हाय ना. त्यानीच दिला मना (मला). बोल्ला, ठेवा तुमी."

संध्याकाळी शरदनं त्याचा लाडका कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "अक्का, घेऊन टाक तुला."

मी आनंदानं तो पिशवीत घातला, आणि घालता घालताच मनात यादी झाली. पेटी, गळ, कॅमेरा. ज्याला त्याला एकच वस्तू मिळाली होती. सगळ्या घरांतून भटकलेली पाहुणी मी एकटीच, म्हणून हे मलाच दिसलं. कोथिंबिरीचं निमित्त करून मी सावंतकाकांचं दार गाठलं.

ऐकून काका खुर्चीत बसलेच. "बोटीवर ग्रीक, फिलिपिनो, आपले रत्नागिरीचे, सगळे असायचे. आतून खचला की सगळ्यांचं सारखंच. कुणी वस्तू वाटायला लागला की आमी त्याला एकटं सोडायचो नाय. सरळ विचारायचो. जमिनीवर आलो नि मलाच दिसलं नाय बघा."

"पण विचारून आपणच डोक्यात भरवायचं?"

"नाय हो ताई. विचार आधीच असतो. विचारलं की माणूस मोकळा होतो."

घरी आले. सुलभा चहा गाळत होती. माझं तोंड एरवी टकळीसारखं चालतं, पण ते एक वाक्य मी वाटभर घोकत आले होते.

"शरद, जीव द्यायचा विचार आहे का तुझ्या मनात?"

सुलभाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. शरदनं हसायचा प्रयत्न केला. मग होकारानं मान हलवली, आणि लहानपणी रडायचा तसा माझ्या खांद्यावर रडला. मीही रडले. त्या रात्री आम्ही त्याला एकटं ठेवलं नाही. सकाळी काकांसकट सगळे वाशीला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर टाय लावलेले साहेब होते, मार्केटातले हमाल होते, कॉलेजातली मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण बरं वाटेल.

मी मुक्काम वाढवला. काका रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. पेटी तर त्यांनी स्वतःच उचलून आणली. नारायणदादा गळ घेऊन आले आणि शरदला खाडीवर घेऊन गेले. पहिल्या दिवशी तो नुसता बसून राहिला म्हणे. त्यानंतरही काही दिवस वाईट गेले, काही बरे. निघताना कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवून म्हटलं, "आता काढ माझा फोटो. आणि दिवाळीला तो कराडला तूच घेऊन ये."

"पोट दिसतंय, अक्का. आत घे," तो म्हणाला. इतका आगाऊपणा ऐकून मला बरं वाटलं.

कराडला उतरले तर शेजारणी ओट्यावर हजरच. "काय आणलंत?"

मी दोन्ही पिशव्या उलट्या करून झटकल्या. "काही नाही!" असं मी इतक्या खुशीत म्हणाले की त्या बघतच राहिल्या. शरदच्या वस्तू शरदच्या घरी होत्या, आणि शरदही.