पार्टी आणि दुसरा चहा

“पार्टी बराबर आहे, पण जल्दी करावं लागंल,” काका जिन्यात उभे राहून फोनवर सांगत होते. जुन्या जालन्यात खाली आमचं अडतीचं दुकान आणि वर घर, त्यामुळे बाजारातलं बोलणं जिन्यातून थेट स्वयंपाकघरात येतं. मला वाटलं, तुरीचं चाललंय. मग ते म्हणाले, “पोरगी इंग्लिश मिडियमची आहे,” आणि विषय तुरीचा नाही हे कळलं.

माझ्या शाळेत पार्टी म्हणजे फुगे, केक आणि निघताना हातात ठेवलेली वासाची खोडरबरं. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, आमच्या दुकानात रोज कुणाचातरी वाढदिवस असतो. वडीगोद्रीहून माल घेऊन आलेला शेतकरी पार्टी, तोच माल उचलणारा व्यापारीही पार्टी. भांडणात समोरचा माणूस पार्टी, आणि प्रकरण वकिलाकडे गेलं की आपणही पार्टी. निवडणुकीतल्या पक्षांना मात्र काका कधी पार्टी म्हणत नाहीत. जिचा शब्द टिकत नाही ती कसली पार्टी, असं त्यांचं म्हणणं. मी बारावी झाले तेव्हा मैत्रिणी खालून “पार्टी, पार्टी” करत आल्या, तर काका गादीवरून उठून गिऱ्हाईक शोधायला लागले.

पुढे शब्दकोशात यातले बरेचसे अर्थ सापडले. मुलाकडची मंडळी हा अर्थ काही सापडला नाही.

ती पार्टी रविवारी बदनापूरहून आली. मुलगा आणि त्याचे आईवडील. काकांनी त्यांना बैठकीत बसवलं ते दुकानातल्यासारखंच, पंख्याखाली आणि दाराकडे पाठ करून. दुकानाची एक रीत आहे. पहिला चहा येईल त्याला मिळतो; दुसरा फक्त सौदा ठरल्यावर. दुसरा कप तोंडाला लागला की मागे फिरायचं नाही. आणि भाव सांगितल्यावर जो गप्प बसेल, त्याचा होकार धरतात.

मी तर जन्माचीच गप्प. बाबाही तसेच, बोलायला कायम काकांना पुढे करतात. त्या दिवशीही ते कोपऱ्यात बसून पेपरची घडी नीट करत होते.

मी पहिला चहा देऊन आत आले आणि दाराआडून बघत राहिले. मुलाचं बिस्कीट चहात तुटून पडलं. कुणी पाहिलं का म्हणून त्याने हळूच इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. बरा वाटला.

मग माझ्या नोकरीचं निघालं. मी जूनपासून एका शाळेत शिकवते. तिथे चाळीस पोरांसमोर मला बोलता येतं. का, ते मलाही माहीत नाही. मुलाचे वडील म्हणाले, नोकरीची काही गरज न्हाई, घरी सगळं आहे. काका म्हणाले, बिलकुल. तेवढ्यात मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, वडिलांकडे पाहिलं आणि मिटलं. हे मला चांगलंच ओळखीचं होतं. मीही दिवसातून कितीतरी वेळा तसंच करते.

त्याला काय म्हणायचं होतं, यावर माझी शाळा अडकली होती. पण बैठकीत सगळे खुशीत होते आणि माझा आवाज आला नव्हता, म्हणजे दुकानाच्या हिशेबाने मी हो म्हणून बसले होते.

“मंग काय, दुसरा चहा येऊ द्या,” काकांनी हाक दिली.

आईने पातेलं चढवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि साखरेचा डबा उघडला. मी गॅस बंद केला आणि रिकाम्या हातांनी बाहेर गेले. काका ट्रे शोधत माझ्या मागे बघायला लागले. बाबांच्या हातातली घडी थांबली.

“काका,” मी म्हणाले, “दुसरा चहा जरा थांबू द्या. मघाशी नोकरीचं निघालं तेव्हा हे काहीतरी बोलणार होते. ते आधी ऐकू. मग मलाही बोलायचंय.”