जोडीतली दुसरी खुर्ची

आमच्या धंद्यात एक लबाडी आहे, ती आधीच सांगून टाकतो. कुणाच्या घरी जुन्या वस्तूची जोडी दिसली, आणि घरचा माणूस दोन्ही द्यायला कां-कूं करत असला, तर हट्ट करायचा नाही. एकच मागायची. एक द्यायला मन लवकर तयार होतं, कारण दुसरी घरात उरते. मग आपण गुपचूप निघून यायचं आणि वाट पाहायची. उरलेली वस्तू हळूहळू घरच्यांच्या डोळ्यात खुपायला लागते. आहे तिथं शोभत नाही आणि हलवावी तर कुठंच शोभत नाही. शेवटी फोन येतो, भाऊ, ते दुसरीबी घेऊन जा. तोवर भावही पडलेला असतो. आजवर ही युक्ती कधी वाया गेली नव्हती.

मी नांदुऱ्याला राहतो. कापसाचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेतलंय. पुढं माल असतो आणि मागच्या खोलीत मी. खेड्यापाड्यांत लोकांनी प्लायवूडचे सोफे घेतले, तेव्हा सागवानी टेबलं, कपाटं, पलंग सगळं गोठ्यात गेलं. मी ते गोठ्यातून काढून आणतो, धुतो, सांधे आवळतो, पॉलिश मारतो आणि मोबाईलवर फोटो टाकतो. ज्या बाकड्यावर काल कोंबड्या बसत होत्या त्यावर आज पुण्याची माणसं कॉफी पितात. हसू येतं, पण पोट त्याच्यावरच चालतं, म्हणून हसायचं ते गिऱ्हाईक गेल्यावर.

बायको होती तोवर ती गोदामाच्या दारात पोतं अंथरून बसायची. लसूण सोलायची आणि आलेल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवायची. ‘हे भंगार कोन घेते?’ हा तिचा ठरलेला सवाल. मग वस्तू चांगल्या भावानं गेली की मी मुद्दाम तिच्यासमोर उभा राहून नोटा खिशात घालायचो. ती म्हणायची, येडे लोक हायत दुनियेत. आता ती नाही. माल विकला गेला तरी सांगायला कुणी नाही आणि पडून राहिला तरी टोमणा मारायला कुणी नाही. खरं सांगतो, मला टोमण्यांचीच जास्त आठवण येते.

तर त्या खुर्च्या. हिवरा आश्रमाच्या पुढं एका खेड्यात एक मावशी एकट्या राहतात. नवरा शाळेत हेडमास्तर होता, तो वारल्याला वर्ष होत आलं होतं. पोरी सासरी. मास्तरांनी कधीकाळी बुलढाण्याला एका जुन्या बंगल्याच्या लिलावात दोन आरामखुर्च्या घेतल्या होत्या. अस्सल सागवान, लांबलचक हात, वेताची वीण. ओसरीवर दोन्ही समोरासमोर मांडलेल्या पाहिल्या आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण तोंडावर काही दाखवायचं नाही, हाही धंदाच.

आमच्यात वस्तू वरून पाहत नाहीत, उलटी करून पाहतात. मी दोन्ही खुर्च्या उलट्या केल्या. एकीची वीण पार झोळ झालेली, हात तेलानं आणि तळव्यानं काळे पडलेले. ती मास्तरांची. दुसरी मात्र कोरी. वेत ताणलेला, मूळचं पॉलिश शाबूत. मी समजलो की ही पाहुण्यांची असावी आणि मास्तरांकडे पाहुणे फारसे येत नसावेत. मला ती कोरीच पाहिजे होती. मावशींनी दोन्ही देणार नाही म्हटलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणं एकच मागितली, आणि ती कोरी मिळेल असं धरून चाललो. माणूस गेल्यावर घरचे लोक त्याची वस्तू ठेवतात आणि बाकीची विकतात, हा अनुभव.

मावशींनी मास्तरांची खुर्ची पुढं सरकवली.

मी बुचकळ्यात पडलो. घासाघीस नाही की काही नाही. अशी वस्तू घरातून निघताना बाया पदरानं पुसतात, एकदा तरी हात फिरवतात. मावशींनी त्यातलं काही केलं नाही. उलट एका बाजूनं खुर्ची धरून टेम्पोपर्यंत आल्या. मी मनात म्हटलं, म्हातारी भोळी आहे, दुसरी काय, आज ना उद्या देईलच.

तिकडं लोणारच्या बाजूला पर्यटकांना उतरायला घर बांधणाऱ्या एका बाई त्या खुर्चीच्या फोटोवर लट्टू झाल्या. पण त्यांना जोडीच पाहिजे. माणसं समोरासमोर बसली पाहिजेत, एकटी खुर्ची घेऊन मी काय करू, असं त्यांचं म्हणणं. बोलणं बरोबर होतं. जोडीला जो भाव येतो त्याच्या अर्धासुद्धा एकटीला येत नाही. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि मावशींच्या फोनची वाट पाहत बसलो. फोन काही येईना.

शेवटी मीच गेलो. मोटरसायकलचा आवाज ऐकून मावशी खुर्चीतून घाईघाईनं उठल्या आणि खाली भिंतीला टेकून बसल्या. मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. बसताक्षणी कळलं की वीण किंचित खाली आलीय. मनात चुकचुकलो. खुर्चीचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, पाहू ना भाऊ, घाई काय हाय.

दुसऱ्या खेपेला त्या उठल्या नाहीत. खुर्चीत चक्क मांडी घालून बसल्या होत्या. लांब हातावर सूप ठेवून तूर निवडत होत्या. मला त्यांनी बाजेवर बसायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला खुर्चीत उशी आलेली, एका हातावर चष्मा आणि मोबाईल, दुसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. डाग पाहून माझा जीव वरखाली झाला. दर खेपेला वस्तूचा भाव माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता आणि मावशी आरामात रेलत होत्या. एकदा तर मी चिडून म्हणालो की मावशी, अशानं वेत तुटेल. तुटू द्या, त्या म्हणाल्या, दुसरा विणून घेईन.

आणि तरी मी जात राहिलो. मेहकरकडं काही काम नसलं तरी गाडी तिकडं वळायची. पेट्रोल जाळून चहा प्यायला जाणारा व्यापारी जिल्ह्यात मी एकटाच असेन. मावशी फार बोलत नसत. भाजीला काय केलं, कुणाची म्हैस व्याली, एवढंच. पण मी उशिरा गेलो तर म्हणत, लय दिवस केले भाऊ. हे एवढं ऐकायला मला बरं वाटायचं. आमच्या गोदामात दिवसभर फोन वाजतो, पण लय दिवस केले असं मला कुणी म्हणत नाही.

मग माझ्या डोक्यात आलं ते आलंच. म्हातारी एकटी, मी एकटा. जोडी मीच फोडली. मास्तरांच्या खुर्चीला मी नवा वेत विणून घेतला, हात घासून स्वच्छ केले, लोणारच्या बाईंना नाही म्हणून कळवलं. त्या वैतागल्या, वैतागू दे. खुर्ची टेम्पोत घातली आणि हिवऱ्याची वाट धरली. वाटेत मी हिशेब लावत होतो की खुर्च्या पहिल्यासारख्या समोरासमोर मांडायच्या, म्हणजे आपण गेलो की आपल्याला बसायला हक्काची जागा. या वयात असलं काही मनात येतं याची थोडी लाजही वाटली.

टेम्पोतून खुर्ची उतरताना पाहून मावशी आधी उभ्याच राहिल्या. काऊन परत आनली, असं विचारलं. मी म्हटलं, पैसे नकोत मावशी, जोडी फुटायला नको होती. मी आलो की मलाही बसायला होईल.

त्या खुर्चीपाशी आल्या. पण हात लावला नाही. लांबूनच पाहत राहिल्या.

‘भाऊ, थे खुर्ची त्याईची हाय,’ त्या म्हणाल्या. ‘त्याईच्यासमोर मी जिंदगीभर खालती बसली. ते शाळेत गेले, घरात कोनी नसलं, तरी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसाची हिंमत नाई झाली. त्याईची रिकामी खुर्चीच मले पाहे. आता थे पुन्हा घरात आली त मले खालती बसा लागन.’

त्यांनी नेहमीसारखा चहा केला, माझ्यासाठी बाज ओढली. तुमी येत जा, बाज हायच, असंही म्हणाल्या. पण मास्तरांची खुर्ची अंगणात उभी होती तोवर त्या स्वतःच्या खुर्चीत बसल्या नाहीत. चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. मी बशीतला चहा कसाबसा संपवला आणि खुर्ची परत टेम्पोत चढवली. वळणावर मागं पाहिलं तर मावशी पुन्हा खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. एकटं वाटत होतं ते मला, त्यांना नाही.

नांदुऱ्याला पोचलो. खुर्ची गोदामात मध्यभागी ठेवली. आजूबाजूला खुर्च्याच खुर्च्या, वेताच्या, लोखंडी, ऑफिसातल्या, न्हाव्याच्या दुकानातली एक. बायको यातल्या कशावर कधी बसली होती ते आठवून पाहिलं. तिचं दारातलं पोतं आठवलं, लसणाच्या साली आठवल्या, प्रत्येक खुर्चीला तिनं ठेवलेली नावं आठवली. खुर्चीत बसलेली ती काही केल्या आठवेना.

मी एक पोतं घेतलं आणि दारात तिच्या जागेवर अंथरून बसलो. तिथून ती मास्तरांची खुर्ची फारच उंच दिसत होती.

‘हे भंगार कोन घेते?’ मी मोठ्यानं म्हटलं.