दोषाचा उच्चार

ठाण्याच्या देवळात कीर्तनकारबुवा रंगात येऊन सांगत होते की, देव नैवेद्य खात नाही, नुसत्या वासानेच तृप्त होतो. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. तोंड आवरणे मला जन्मात जमलेले नाही. उठलो, हात जोडले आणि विचारले, "बुवा, देवाचं वासावर भागतं, तर पुजारीबुवांचं पोट कशानं सुटलं?"

सभामंडप असा हसला की बुवांच्या चिपळ्या थांबल्या. आज पन्नाशीला टेकलो, तरी त्या हशाची गोडी जिभेवर आहे. खोटे कशाला बोलू?

आठ दिवसांत मला वाळीत टाकले. थट्टा पुजाऱ्याची, देवाची नव्हे, असे मी ओरडून सांगत होतो, ऐकतो कोण? न्हावी येईना, शेजारी विहिरीवर येऊ देईनात. त्या सगळ्यांच्या नकला मी घरी आरशापुढे करीत बसे.

मग कल्याणहून निरोप आला. पहिलटकरीण बायको माहेरी होती. मूल पोटातच गेले होते, तिला ताप भरला होता आणि सुईणीने आशा सोडली होती. पण मला घरात घेईल तोही वाळीत पडणार! प्रायश्चित्ताशिवाय सासऱ्यांचे दार उघडणार नव्हते.

शास्त्रीबुवांचे पाय धरले. "आजच्या आज शुद्ध करा. गोमूत्र, पंचगव्य, काय पाजायचं ते पाजा!"

त्यांना दया आली. दुपारीच सभा भरली. पण रीत अशी की, आधी दोषी माणसाने आपला दोष सर्वांसमक्ष स्वतःच्या तोंडाने सांगायचा.

देवाशप्पथ, सुरुवात मी रडक्या आवाजातच केली. पण 'पोट' म्हणताना हात आपोआप पोटापुढे गोल फिरला. मागे कोणीतरी फिसकन हसले, आणि मग सारी सभा! शास्त्रीबुवांनी ओठ चावून हसू गिळले, मग ते कडाडले, "हा पश्चात्ताप होय रे? सहा महिन्यांनी ये!"

मिळाली त्या गाडीने कल्याण गाठले. दार बंद.

"जावईबापू, पाया पडतो, परत जा," सासरे आतून म्हणाले. "अजून दोन मुली उजवायच्या आहेत. त्यांना कोण करून घेईल?"

"मामा, खिडकी तरी उघडा!"

आत तिचा आवाज आला, "हे आले का?"

"नाही गं," कोणीतरी म्हणाले.

"आलोय! मी आलोय गं!" मी दारावर डोके आपटले. तिला ऐकू गेले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

दोन दिवस ओट्यावर बसून होतो. तिसऱ्या सकाळी दार उघडले ते तिला बाहेर आणण्यासाठी. मी खांदा द्यायला धावलो, तर भटजींनी हात आडवा केला.

मी स्मशानापर्यंत मागून चालत गेलो, वीस हात अंतर ठेवून.