किलोमीटरकाकूंची सही

किलोमीटरकाकूंना खुर्चीत नीट टेकलेलं मी दोन वर्षांत पाहिलं नाही. हिशेब उभ्याने बघायच्या, डबा उभ्याने खायच्या, आणि हौगांगला घरी परतताना एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, रिकामी असली तरी दाराशीच उभ्या राहायच्या. "बसलं की सुचायचं बंद होतं रे," म्हणायच्या. मूळच्या डोंबिवलीच्या, वीसेक वर्षं सिंगापुरात काढलेल्या या बाई आमच्या छोट्या कंपनीच्या फायनान्स मॅनेजर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली पुण्याहून नुकताच आलेला अकाउंटंट.

हे नाव मीच ठेवलं होतं, अर्थात त्यांच्या पाठीमागे. आमचे सेल्समन स्वतःच्या गाड्या घेऊन गिऱ्हाइकांकडे जात आणि किलोमीटरप्रमाणे पैसे मागत. काकू एकेक किलोमीटर तपासायच्या. स्वतःकडे गाडी नव्हती, पण शंका आली की शनिवारी बसने तोच रस्ता फिरून यायच्या. "आंटी, ओन्ली टू किलोमीटर, लाह!" म्हणून एक सेल्समन अगदी काकुळतीला आला होता. काकूंनी त्याला इंग्रजीत नियम ऐकवला आणि माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "घर ते ऑफिस स्वतःच्या हौशीने गाडीतून यायचं आणि म्हणे कंपनीचा प्रवास!"

एक गोष्ट मात्र त्या तपासत नसत. त्या पैशांतला कर परत मागायचं काम माझं होतं. पुण्यात मी एका ब्रिटिश कंपनीचे हिशेब केले होते. ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्याने स्वतःची मोटार कामासाठी वापरली, तर किलोमीटरच्या पैशांतल्या पेट्रोलवरचा व्हॅट, म्हणजे त्यांचा जीएसटी, सरकारकडून परत मागता येतो. मी तीच सवय इथे आणली आणि जवळजवळ दोन वर्षं प्रत्येक रिटर्नमध्ये जीएसटी परत मागत राहिलो. "तू यातला तयार माणूस, मी काय बघायचं?" म्हणत काकू सही करायच्या.

सिंगापुरात खाजगी मोटारीच्या खर्चावरचा जीएसटी परत मिळतच नाही, हे मला एका दुपारी दुसराच नियम शोधताना कळलं. माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण दोन महिन्यांवर होतं. पुंगोलच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको होती, आठ महिन्यांची मुलगी होती. नोकरी गेली की पास गेला आणि सगळं गुंडाळून परत. नऊ दिवस मी गप्प राहिलो. धड जेवण नाही, धड झोप नाही.

दहाव्या दिवशी काकूंनीच हटकलं. "काय बिनसलंय तुझं? तोच कागद तिसऱ्यांदा उचललास."

मी सगळं सांगून टाकलं. त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. रागावतील म्हणून मी खाली मान घालून उभा होतो.

"त्यांनी विचारायच्या आत आपण कळवायचं," त्या म्हणाल्या. "आजच. लिहायला घे."

कर खात्याला पत्र गेलं, पैसे दंडासकट भरले गेले. मग मालकाने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "सो, हू डिड धिस?"

मी हातातली फाइल चाळायला लागलो.

"माय सिग्नेचर, सर," काकू म्हणाल्या. "माय मिस्टेक."

काकूंचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं; मालकाने ते वाढवलं नाही. माझा पास मात्र आणखी दोन वर्षांसाठी वाढला.

शेवटच्या दिवशी लिफ्टपाशी मी म्हणालो, "काकू, मी आत्ता जाऊन खरं सांगतो."

"आणि पोरीला घेऊन कुठे जाशील?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "मी सही केली, ती न वाचता केली. ते माझं मी बघेन. जा, कामाला लाग."

मी गेलो. खरंच कामाला लागलो. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता त्या डोंबिवलीला असतात. मी गणपतीत फोन करतो, त्या मुलीची चौकशी करतात. हाताखालची नवी मुलं मला विचारतात, ही कामाची शिस्त तुम्हाला कोणी लावली? मी अभिमानाने काकूंचं नाव सांगतो. त्यांची नोकरी कोणामुळे गेली, हे अजून एकालाही सांगितलेलं नाही.