आपल्याच आईचा चीक

आमच्या चीकवाल्या मॅडम व्यायला टेकलेल्या डुकरिणीपाशी बसल्या की चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. शेवटचं पिलू आईच्या थानाला लागेपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत आणि मी कप घेऊन ताटकळत उभा. चहाचं पार पाणी व्हायचं. मला असा राग यायचा की विचारू नका.

मॅडम जनावरांच्या डॉक्टर. बाळापूरच्या रस्त्याला मी पांढऱ्या डुकरांची शेड टाकली तेव्हा नातेवाइकांनी नाकाला रुमाल लावले. या बाई मात्र पहिल्याच दिवशी सरळ आत शिरल्या. 'चीक जिवंत असतो,' हे त्यांचं पालुपद. पिलू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्या अंगात जवळपास काहीच नसतं. ते बळ चिकातून येतं. त्यातलं बरंचसं कुठल्याही डुकरिणीच्या चिकातून मिळतं, पण चिकात रक्तातल्यासारख्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात, आणि पिलाचं आतडं त्या आत घेतं ते सख्ख्या आईच्या असतील तरच. म्हणून पहिले घोट आपल्याच आईचे, मग खुशाल दुसरीला लावा. हे त्या चहाच्या टपरीवरही सांगायच्या. डुकराच्या दुधावर भाषण म्हणून लोक हसायचे, आणि मीच उगाच कानकोंडा व्हायचो.

राणी नावाची माझी डुकरीण पहिल्यांदाच व्याली आणि तापानं फणफणली. पालथी पडून राहिली, पिलांना थानाशी येऊ देईना. शेजारच्या खणात दुसरी एक त्याच सकाळी व्यालेली होती. पिलं तिला लावून मोकळं व्हावं, असं माझं म्हणणं. मॅडम ऐकतील तर ना! त्यांनी राणीला कशीबशी कुशीवर वळवली, हातानं पिळून वाटीभर चीक काढला, वाटी माझ्या वडिलांच्या, आबांच्या हातात दिली आणि त्या इंजेक्शन भरायला वळल्या.

आबांनी वाटी नेऊन अंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर ठेवली. इंजेक्शन होईपर्यंत वाटीत खरवस तयार.

मी कपाळावर हात मारून घेतला. आबांना काही चुकलं असं वाटेचना. "गार दूध पाजून राहिली व्हय लेकरायला? गरम केलं त काय बिघडलं?" मॅडमनी दुसरी वाटी घेतली. परत राणीपाशी बसल्या. आता जेमतेम चार धारा निघाल्या. सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळ्यात मरतुकडी पिलं निवडून मॅडमनी त्यांच्याच तोंडात सिरिंजनं थेंब थेंब सोडला. बाकीची दुसरीला लावली.

आणि नेमकी तीच मरतुकडी पिलं दगावली. बाकीची जगली.

झालं! आबांनी बाजारभर सांगितलं की बाईनं चीक पाजलेली मेली, न पाजलेली वाचली. अहो, ती मुळातच अर्धमेली होती, मी घसा फोडून सांगायचो. कोण ऐकतंय? पुढं कुणाचीही डुकरीण व्याली की लोक मॅडमना बोलवायचंच टाळू लागले. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. निरोपाला आल्या तेव्हा पहिल्यांदा गरम चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "खरं असून पटवता आलं नाही मला." मला त्यांचाही राग आला. एकदा तरी भांडायचं होतं आबांशी.

गेल्या महिन्यात राणी पुन्हा व्याली. आबांना शेडच्या बाहेर बसवलं आणि एकेक पिलू उचलून आधी राणीलाच लावलं. आबा बाहेरून कुरकुरतच होते. आठवडा गेला, पिलं खणात धुडगूस घालायला लागली. न राहवून मॅडमना फोन लावला. माझं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "किती मेली?"

"एकही नाही," मी म्हणालो. "तेच सांगायला फोन केला."

फोन कट झाला असं समजून मी 'हॅलो, हॅलो' करत राहिलो. मग हुंदका ऐकू आला. मॅडम रडत होत्या.