अक्रोडाखालचा बाक

आखातात, अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरखाली एका अरब कुटुंबाचे ड्रायव्हर रोज संध्याकाळी गाडीत बसलेले असायचे. मालकांची मुलं वर ट्यूशनला. माणूस रायगडकडचा, साठीला आलेला. गाडीचं दार उघडं आणि एक पाय बाहेर, म्हणजे हाक आली की लगेच उठता यावं.

सुट्टीत आम्ही फ्रान्सला, दोर्दोन्यच्या खेड्यांत जातोय म्हटल्यावर ते म्हणाले, "तीन उन्हाळे होतो तिथं, यांच्याबरोबर."

मी मोबाइलवरची किल्ल्यांची, गुहांची यादी पुढे केली. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं. इथल्या पार्किंगला दुपारनंतर सावली येते. इथं नळाचं पाणी गार असतं. गुहेला दोन तास धरून चाला. नदीकाठच्या किल्ल्याबाहेर अक्रोडाचं झाड आहे, त्याखाली बाक.

"आणि किल्ला आतून कसा आहे?"

"ते तुम्ही येऊन सांगा मला."

बाक खरंच होता. मी जरा टेकलो, तर मुलगी दारातून ओरडली, "बाबा, कम फास्ट." आत मी सगळं त्यांना सांगायचं म्हणून पाहिलं. बुरुजाच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या.

सप्टेंबरात गाडी तीच होती, ड्रायव्हर नवा. जुने कुठे गेले, असं मी त्याला विचारलं.

"नाम क्या था उनका?"

चार वर्षं रोज बोलत होतो, पण नाव कधी विचारलंच नव्हतं. पायऱ्या एकशे बारा आहेत.