इथं कोणी आहे काय?

राळेगावच्या बसस्टँडवर आमची संध्याकाळची पाचची गाडी लागायची, तेव्हा ती आधी सामानानं भरायची आणि मग माणसांनी. गाडी धड थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आत जायच्या. एकदा एकीनं चप्पल टाकलेलीही मी पाहिली आहे. ज्या सीटवर ज्याची वस्तू, ती सीट त्याची. एरवी शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसंही दुसऱ्याच्या रुमालावर बसत नाहीत. शिवाय जागा नुसती स्वतःपुरती धरायची नसते, शेजारी मैत्रिणीचीही धरायची असते. त्यामुळे कोणाचं कोणाशी जमतं आणि कोणाचं कालपासून बिनसलं आहे, हे मला वर्गात कधी कळलं नाही. ते त्या गाडीत कळायचं.

माझ्यासाठी कोणी जागा धरत नसे. मी खिडकीतून काही टाकतही नसे, कारण टाकताना कोणी "ए, सरक" म्हणालं तर पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. अठरा किलोमीटर मी दांड्याला धरून उभी राहायची. कधी नशिबानं बसायला मिळालं, तर शेजारची जागा मोकळीच असायची. मग एखादी बाई यायची आणि विचारायची, "इथं कोणी हाय काय वं?" मी मान हलवायची. नाही. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत ती मान मी किती वेळा हलवली असेल, देव जाणे.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. घरी भावाशी मी तावातावानं भांडायची. पण घराबाहेर पडलं की शब्द तोंडातच राहायचे. हजेरीला मी हात वर करायची. सरांनी मान वर केली नाही तर माझी गैरहजेरी लागायची, आणि मी ती लागू द्यायची. लोकांची यावर नाना मतं होती. मावशीच्या मते मला नजर लागली होती. वर्गातल्या मुलींच्या मते मी शिष्ट होते. आणि भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "बोलाले काय पैसे लागते काय तुले?" हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस बोलायला लागेल, असं लोकांना खरंच वाटतं का, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मला त्या प्रश्नाचा राग यायचा. आजही येतो.

त्याच काळात भावाच्या मोबाइलवर मला एक जपानी मालिका सापडली. आमच्या घरात तिला 'मोठ्या डोळ्यायचं कार्टून' म्हणत. हिंदीत डब केलेली होती. त्यातल्या मुलीलाही माझ्यासारखंच व्हायचं. कोणाशी बोलायचं म्हटलं की तिचे कान लालभडक व्हायचे आणि डोक्यातून वाफ निघायची. शाळेच्या जिन्यात बसून ती एकटी डबा खायची आणि सोबत डबा खाणारं कोणीतरी मिळावं, एवढ्या एका गोष्टीसाठी बारा भाग धडपडायची. भाऊ पोट धरून हसायचा. मीही हसायची, पण माझं हसू वेगळं होतं. हजारो मैल लांब कोणीतरी हे सगळं ओळखून होतं, त्याची चित्रं काढत होतं, आणि लोक ती हौसेनं बघत होते. म्हणजे मी जगावेगळी नव्हते. ते कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

मग मी त्या मुलीच्या युक्त्या करून पाहिल्या. ती आरशासमोर वाक्यं घोकायची. आमचा आरसा ओसरीत होता आणि ओसरीत सदैव कोणीतरी बसलेलं असायचं, म्हणून मी म्हशीपुढे घोकायची. म्हैस शांतपणे ऐकून घ्यायची, पण वर्गात म्हैस नव्हती. मुद्दाम खोडरबर पाडायचं, मग शेजारची मुलगी ते उचलून देते आणि ओळख होते, अशी एक युक्ती होती. मी पाडलं. ते घरंगळत थेट फळ्यापर्यंत गेलं, सरांच्या बुटाखाली आलं आणि सर घसरता घसरता वाचले. "कोणाचं हाय हे?" सरांनी विचारलं. ते खोडरबर मला परत मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र मालिकेमुळे झाली. मी चित्रं काढायला लागले. आधी ते मोठे डोळे, मग वहीच्या समासात माणसं, मग जीवशास्त्राच्या आकृत्या. आकृत्या माझ्या इतक्या चांगल्या यायच्या की सरांनी एकदा माझी प्रात्यक्षिकाची वही वर्गाला उघडून दाखवली. मी बाकाखाली काहीतरी शोधत राहिले.

ती वही पाहून एक मुलगी माझ्याकडे आली. बारावीला आमच्या वर्गात नवीनच होती, आमच्या पुढच्या थांब्यावरच्या बंजारा तांड्यावरची. अंगानं बुटकी आणि तोंडाचा पट्टा सदैव चालू. आईशी फोनवर त्यांच्या गोरबोलीत बोलायची, "याडी, याडी" करत, आणि फोन ठेवला की तेच बोलणं आमच्याशी वऱ्हाडीत पुढं चालू. उशिरा आल्यामुळे मुलींचे घोळके आधीच ठरलेले होते, आणि उंची कमी असल्यानं तिचा हात खिडकीपर्यंत पोहोचत नसे. त्यामुळे तीही रोज उभी असायची, पण उभी राहूनही अख्ख्या गाडीशी गप्पा मारायची.

"तुये चित्रं लय भारी हायेत," ती मला म्हणाली. "माह्या वहीत हृदय अन् डोळा काढून दे नं. म्या काढलं त हृदयाचा बटाटा होते." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं वही माझ्या हातात दिली. "मंगळवारी सरायची सही घ्याची हाय. सही नाही त परीक्षेले बसू देत नाही म्हणते. हारवू नको बाप्पा."

रविवारी मी दिवसभर तिची वही घेऊन बसले. हृदय, डोळा, फुलाचा उभा छेद. इतक्या मनापासून मी स्वतःच्या वहीतही काही काढलं नव्हतं. सगळं झाल्यावर शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं, 'उद्यापासून मी तुझ्यासाठी जागा धरू का?' तोंडानं हे वाक्य माझ्याच्यानं बोलवलं नसतं. बेत असा होता की सोमवारी खिडकीतून बॅग टाकून दोघींची जागा धरायची, तिला खुणेनं बोलवायचं, वही द्यायची आणि ती ते पान उघडेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं. उंची माझ्याकडे होती. बोलायची गरजच नव्हती.

सोमवारी मी स्टँडवर आले तेव्हा आमच्या नेहमीच्या जागी गाडी उभी होती आणि गर्दी अजिबात नव्हती. मला नशिबाचं नवल वाटलं. मी मधल्या खिडकीतून बॅग टाकली, ती बरोबर दोघींच्या सीटवर पडली, आणि मी तिला शोधायला फाटकाकडे निघाले. गर्दी का नाही, याचं कारण इतर सगळ्यांना माहीत होतं. आमची गाडी त्या दिवशी उशिरा होती आणि तिच्या जागी पांढरकवड्याची गाडी लागली होती. नेहमीच्या गाडीची पाटी कोण वाचतं? आणि बाकीच्यांनी एकमेकींना विचारलं होतं. "ही कुठी जाते?" एवढाच प्रश्न. मी तो विचारला नाही, कारण मी कोणालाच काही विचारत नसे.

घंटी वाजली. मी वळून पाहिलं तर गाडी निघालेली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. माझ्यासमोरून ती फाटकाबाहेर गेली, वळली, आणि मागच्या काचेवरची धूळ दिसेनाशी झाली.

तेवढ्यात ती मुलगी आली, हातात फुटाण्यांची पुडी. "घे नं," म्हणाली. "बॅग कुठी हाय तुई?"

खरं सांगते, तिथून निघून जावं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घरी राहावं. वही हरवली, हे तिला सरांसमोर आपोआप कळलं असतं. मी एक पाऊल मागेही गेले होते. पण तिच्या हातातली पुडी अजून माझ्यासमोर धरलेली होती.

"तुझी वही गेली," मी म्हणाले. म्हशीपुढे इतकी वाक्यं घोकली होती, त्यात हे नव्हतं.

सगळं कळल्यावर ती भडकली, आणि तिचं भडकणं अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. "तोंड नाही काय तुले? गाडी डोयासमोर गेली अन् तू पाहून राह्यली? एक हाक मारता नाही आली?" मी रडले नाही, पण काही दिसतही नव्हतं. तिनं माझा दंड धरला आणि मला चौकशीच्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं. "सांग आता. म्या गाडी पाह्यली नाही, तूच पाह्यली."

जाळीमागे साहेब होते, माझ्यामागे माणसांची रांग. मी सांगितलं. "काय?" साहेब म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं बोल वं पोरी, आयकू नाही येत." कान लालभडक झाले होते, वाफही निघत असणार. पण मागे ती उभी होती आणि उद्या मंगळवार होता. मी ओरडलेच. पांढरकवड्याची गाडी, डावीकडची मधली खिडकी, निळी बॅग, आत बारावीची वही, उद्या सही आहे. साहेबांनी फोन उचलला आणि त्या गाडीच्या कंडक्टरला लावला.

आमच्याकडे डबे, औषधं, विसरलेल्या छत्र्या असंच फिरतात. या गाडीतून त्या गाडीत, वाटेतल्या फाट्यावर, खिडकीतून खिडकीत. माझी बॅगही समोरून येणाऱ्या गाडीत टाकली गेली आणि पाऊण तासानं परत आली. तेवढा वेळ आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो, मधे फुटाण्यांची पुडी. ती एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं पाहिल्यावर, माझ्या गप्प बसण्यानं लोकांना काय होत असेल ते मला पहिल्यांदा समजलं.

आलेल्या गाडीचा कंडक्टर पन्नाशीचा, मिशाळ माणूस होता. बॅग त्यानं लगेच दिली नाही. "कोणाची हाय? आत काय काय हाय ते सांगा, मंग देतो."

"डबा," मी म्हणाले. "पाण्याची बाटली. प्रात्यक्षिकाची वही. त्यावर हिचं नाव आहे."

"बरोबर. नाव पाहाले वही उघडली म्या." त्यानं बॅग मागे धरली. "अन् शेवटच्या पानावर काय हाय?"

तो हसत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याची मिशी ओढावीशी वाटली. ती माझ्याकडे पाहत होती. पान तिनं वाचलेलं नव्हतं.

"उद्यापासून मी तुझ्यासाठी जागा धरू का," मी म्हणाले. कंडक्टरकडे बघूनच म्हणाले, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"घे," तो म्हणाला आणि बॅग माझ्या हातात दिली.

तिनं बॅगेची चेन ओढली. वही काढली, पानं उलटून पाहिली, हृदयावर जरा थांबली आणि वही आपल्या दप्तरात ठेवली. तेवढ्यात आमची गाडी लागली, आणि बॅगेच्या नादात आम्ही कोणाचीच जागा धरली नव्हती. दोघी उभ्या राहिलो. ती पुढच्या बायकांशी बोलत होती, माझ्याशी नाही. माझं गाव आल्यावर मी उतरले. हो म्हणाली नव्हती, नाही पण म्हणाली नव्हती. रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवारी सरांनी तिच्या वहीवर सही केली. "हे तूच काढलं?" त्यांनी विचारलं. "हो सर," ती बेधडक म्हणाली. वर्गातही ती माझ्याकडे आली नाही.

संध्याकाळी पाचची गाडी लागली. मी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले आणि गावाचं नाव सांगून विचारलं, "काका, ही तिकडूनच जाते नं?" "हो बेटा," ते म्हणाले. इतकं सोपं होतं. मी बॅग आत टाकली, चढले, खिडकीशी बसले आणि बॅग शेजारी ठेवली.

गाडी भरत गेली. ती मुलगी कुठे दिसत नव्हती. एक बाई आली, कडेवर पोर, हातात भाजीची पिशवी. "इथं कोणी हाय काय वं?"

मला काहीच माहीत नव्हतं. ती कदाचित दुसऱ्या गाडीनं गेली असेल, कदाचित उभीच राहणार असेल, कदाचित माझं तोंडही बघणार नसेल.

"आहे," मी म्हणाले.

बाईनं रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या सीटवरच्या बाबांनी सरकून तिला टेकायला जागा करून दिली, पण तिनं माझ्यावर डोळे वटारायचे ते वटारलेच. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली. तरी सीटवरचा हात मी काढला नाही. कंडक्टर दार ओढायला गेला तेव्हा तांड्यावरची ती पळत आली, घामाघूम, ओढणी एका खांद्यावर. सरळ माझ्या सीटपाशी आली, बॅग उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि धपकन बसली.

गाडी स्टँडबाहेर पडली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर उडून बसलेला कापूस दिसत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, ठरल्याप्रमाणे.

"मले काहून उशीर झाला ते तरी विचार," ती म्हणाली.

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"काहून उशीर झाला?"

ती सांगायला लागली, आणि माझं गाव आलं तरी तिचं अर्धंच झालं होतं.